शिकाऊ मुली, त्यांचे काम आणि आपली जबाबदारी

(महाविद्यालयीन विद्यार्थिनी आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्यासाठी पुण्यात झालेल्या एकदिवसीय शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

आज इथे निम्म्या जणी कॉलेजात शिकणाऱ्या आहेत आणि निम्म्या जणी वर्षानुवर्षे संघटनेत काम करणाऱ्या. मला विषय दिला आहे 'इंटर्नशिपचे महत्त्व'. नुसते महत्त्व सांगायचे तर पाच मिनिटे पुरतील. अनुभव चांगला असतो, तो घ्यावा, हे कोण नाकारेल? म्हणून मी दोन प्रश्न घेऊन बोलणार आहे. प्रत्यक्ष कामातून मिळणारे शिक्षण मुलींना नेमके काय देते? आणि त्याची किंमत कोण मोजते?

इंटर्नशिप हा शब्द आता घरोघर पोचला आहे. पण ही गोष्ट आपल्याकडे वेगवेगळ्या नावांनी आधीपासून आहे. डॉक्टरकीत तिला आंतरवासिता म्हणतात, बी.एड.ला छात्रसेवाकाल, समाजकार्याच्या कॉलेजात क्षेत्रकार्य, कारखान्यात शिकाऊ उमेदवारी. त्यातला 'उमेदवारी' हा शब्द सगळ्यात जुना. वकिलाकडे, छापखान्यात, सुताराच्या हाताखाली पोरगा उमेदवारी करायचा. उमेद म्हणजे आशा. आज पदरात काही पडत नाही, पण उद्या पडेल, या आशेवर केलेले काम.

मुलीची उमेदवारी मात्र घरातच व्हायची. आधी आईच्या हाताखाली, मग सासूच्या. तिला पगार नाही, प्रमाणपत्र नाही, आणि ती कधी संपतही नाही. घराबाहेरची उमेदवारी बायकांना झगडून मिळवावी लागली, आणि त्या झगड्याचा मोठा भाग आपल्या पुण्यात झाला.

सावित्रीबाईंचेच बघा. १८४८ साली भिडेवाड्यात शाळा सुरू झाली हे आपण दर ३ जानेवारीला सांगतो. पण त्यांनी शिक्षिका होण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतले, अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात नॉर्मल स्कूलमध्ये, हे सांगायचे राहून जाते. जोतीरावांनी अक्षर शिकवले हे खरे, पण शिकवायचे कसे, हे त्यांनी प्रशिक्षण घेऊन आणि प्रत्यक्ष शिकवून आत्मसात केले.

पुढे १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. सेवासदनने मुलींना, त्यात कितीतरी तरुण विधवा होत्या, परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, कोणत्याही जातीच्या रोग्याची घाण काढायची! त्या काळच्या पुण्यात यावर काय काय बोलले गेले असेल, ते मी सांगायला नको. पण वॉर्डात उभे राहिल्याशिवाय नर्स तयार होत नाही. पुस्तक वाचून ते काम येत नाही. त्या मुलींना एक धंदा हाती आला, स्वतःच्या कमाईचा घास मिळाला, आणि 'बाईमाणसाने हे करू नये' या यादीतले एक कलम कमी झाले.

आजच्या मुलींकडे वळते. मी बरीच वर्षे क्षेत्रकार्यासाठी येणाऱ्या विद्यार्थिनींबरोबर काम करते आहे. मुलग्यांना आणि मुलींना या कामातून मिळणारी गोष्ट एकच नसते, असे मला दिसते. मुलगा तसाही गावभर हिंडतो. पोलिस चौकी, कोर्ट, तहसील कचेरी, बाजार समिती त्याने बाहेरून का होईना पाहिलेली असते. मुलीने पाहिलेली नसते. तिला तिथे जायला कारण लागते. कॉलेजचे पत्र हे ते कारण असते. 'सर, मॅडमनी पाठवलंय' असे घरी सांगता येते. बीडहून, सोलापूरहून पुण्यात आलेली, कॉट बेसिसवर राहणारी मुलगी त्या पत्राच्या जोरावर पहिल्यांदा शिवाजीनगर कोर्टाची पायरी चढते. इन्स्पेक्टरसमोर खुर्चीत बसून बोलते. ही लहान गोष्ट नाही.

आता शिकणे म्हणजे काय, तेही एका उदाहरणावरून सांगते. सल्ला केंद्रावर आलेल्या बाईचा अर्ज लिहून घ्यायला नव्या मुलीला बसवले, की ती लिहिते, 'नवरा त्रास देतो.' बाई तसे म्हणाली, म्हणून तसे लिहिले. मुलीचे त्यात काही चुकलेले नसते. पण चार-पाच वेळा जुन्या कार्यकर्तीशेजारी बसली, की ती विचारायला लागते. त्रास म्हणजे काय करतो? कधीपासून? शेवटचे कधी मारले? कशाने? कुणी पाहिले? दवाखान्यात गेलात का, कागद आहे का? पगार कुणाच्या हातात असतो? स्त्रीधन कुठे आहे? मुलांना घेऊन बाहेर काढले ती तारीख कोणती? मग तिला समजते, की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ आहे, लैंगिक जबरदस्ती आहे आणि पैशांची अडवणूकसुद्धा आहे, ते कशासाठी. वर्गात ही कलमे तिने पाठ केलेली असतात. इथे प्रत्येक कलमाला चेहरा मिळतो. आणि बाईला बोलते करायचे, मध्ये तोडायचे नाही, 'मग तुम्ही इतकी वर्षं राहिलातच का?' असे विचारायचे नाही, हे तर कुठल्याच पुस्तकातून येत नाही.

कॉलेजने मुलींना आणि शिक्षकांना शहरात काम करायला पाठवले, तर काय घडू शकते, याचे पुण्यातले मोठे उदाहरण म्हणजे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तिची सुरुवात कॉलेजच्या आवारातून झाली, हे इथल्या तरुण मुलींपैकी किती जणींना माहीत आहे?

१९९० च्या सुमाराची गोष्ट. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाचे काम कचरा वेचणाऱ्यांमध्ये सुरू झाले. पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण या तिथल्या शिक्षिका. आधी साक्षरतेचा, कचरा वेचणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचा कार्यक्रम होता. पण वेचक बायकांबरोबर फिरताना दिसले, की प्रश्न नुसत्या अक्षराचा नाही. या बायका, बहुतेक सगळ्या दलित, पहाटेपासून उकिरड्यात हात घालतात, कुत्री अंगावर येतात, पोलिस चोर समजून हटकतात, भंगारवाला वजनात मारतो. ओला-सुका कचरा घरातच वेगळा ठेवला तर यांना चांगला माल मिळेल आणि हातही घाणीत जाणार नाहीत. म्हणून विद्यापीठाने काही बायकांना ओळखपत्रे दिली, वस्तीतल्या लोकांना कचरा वेगळा करून द्यायला सांगितले. बायका दारावर जाऊन सुका कचरा घेऊ लागल्या. मग एका व्यावसायिकाने तेच काम गाडी लावून सुरू केले, आणि बायकांच्या लक्षात आले, की आपण संघटित नसलो तर हा मालही हातातून जाईल. हमाल पंचायतीचा अनुभव असलेले डॉ. बाबा आढाव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मे १९९३ मध्ये कचरावेचकांचे अधिवेशन झाले आणि पंचायत स्थापन झाली. पुढे पालिकेने ओळखपत्रांना मान्यता दिली. २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था पुणे महानगरपालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलू लागली.

यातून मला एक गोष्ट दाखवायची आहे. विद्यापीठाची माणसे वस्तीत गेली तेव्हा शिकवायला गेली होती, पण बायकांचे काम जवळून पाहून त्यांनी आपला कार्यक्रमच बदलला. तिथे दोन्ही बाजू शिकल्या. आणि पंचायतीने पहिल्यापासून एक मुद्दा लावून धरला: आम्ही कचरा उचलतो म्हणून पालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचतो, आमच्या श्रमाचा हिशोब करा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी २००१ साली झालेल्या अभ्यासात हा हिशोब मांडला गेला. ज्या श्रमाला कुणी श्रम म्हणत नव्हते, त्याची किंमत कागदावर आली.

हा हिशोबाचा मुद्दा मला आता शिकाऊ मुलींना लावायचा आहे.

गेल्या काही वर्षांत परिस्थिती बदलली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर बी.ए., बी.कॉम.पासून एम.ए.पर्यंत इंटर्नशिप किंवा कार्य-प्रशिक्षण अभ्यासक्रमातच आले. महाराष्ट्रात त्याला साधारण ४ श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाला ३० तास धरतात, म्हणजे १२० तास. रोजचे सहा तास धरले तरी २० दिवस. पूर्वी ज्याला हौस तो करायचा. आता मार्कांसाठी करावेच लागते.

१२० तास म्हणजे कुणासाठी काय? ज्या मुलीचे वडील गाडीने सोडतात, जिचे काका हिंजवडीत कंपनीत आहेत, तिला जागाही मिळते आणि वेळही. पण लक्ष्मी रोडवरच्या दुकानात दुपारी तीन ते रात्री नऊ उभी राहून स्वतःची मेस भागवणारी मुलगी काय करेल? तिला कुणी म्हणाले, 'आमच्याकडे ये, पैसे नाहीत, पण अनुभव मिळेल,' तर तिला तीन आठवड्यांची मजुरी सोडावी लागते, आणि वर बसभाडे व जेवण पदरचे. म्हणजे ती फुकट काम करत नाही, स्वतःचे पैसे घालून काम करते. मग ती काय करते? ओळखीच्या कुणाकडून तरी प्रमाणपत्र आणते आणि जोडते. आपण तिला कामचुकार म्हणतो. ज्या मुलीला त्या अनुभवाची सर्वांत जास्त गरज, तिच्याच वाट्याला कोरा कागद येतो.

पैसे देताच येत नाहीत, असे म्हणू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात शिकाऊला विद्यावेतन देणे बंधनकारक आहे. इंटर्न डॉक्टरांना विद्यावेतन असते, आणि ते वाढवून घ्यायला त्यांनी वेळोवेळी आंदोलने केली आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून 'कमवा आणि शिका' हा आपल्या महाराष्ट्राचा शब्द आहे. पुणे विद्यापीठात त्या नावाने योजना चालते. त्यात कमवा आधी आहे, हे लक्षात घ्या. सरकारनेही आता हे मान्य केले आहे. २०२४ साली महाराष्ट्रात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, तेव्हा बारावी झालेल्यांना महिना ६,००० रुपये, आयटीआय व पदविकावाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० असे विद्यावेतन ठरवले. त्याच वर्षी केंद्राने मोठ्या कंपन्यांसाठी आणलेल्या योजनेत महिना ५,००० रुपये ठेवले. ही रक्कम पुण्यात राहायला पुरते का, योजनेनंतर पुढे काय, हे प्रश्न आहेतच. पण शिकणाऱ्यालाही पोट असते, एवढे तत्त्व कागदावर आले. या योजना मात्र शिक्षण संपवून बसलेल्यांसाठी आणल्या होत्या. कॉलेजात शिकता शिकता १२० तास भरणारी मुलगी त्यात येत नव्हती.

मैत्रिणींनो, 'शिकायला मिळतंय ना, मग पैसे कशाला?' हे वाक्य आपण आधी कुठे ऐकले आहे? 'घरचंच काम आहे, त्याचे कसले पैसे?' 'सेवा आहे ही.' 'मानधन आहे, पगार नव्हे.' राजस्थानातल्या भटेरीच्या भँवरीदेवी सरकारी कार्यक्रमात साथीण होत्या, त्यांना मानधन मिळायचे. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर बलात्कार झाला, आणि नोकरीतल्या बाईला जे संरक्षण हवे ते त्यांना कुठे होते? त्या लढ्यातून १९९७ साली विशाखा निकाल आला. अंगणवाडी सेविकांना 'मानसेवी' म्हणत म्हणत वर्षे काढली. शेवटी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे ठरवले. बाईच्या श्रमाला दुसरे काहीतरी गोड नाव द्यायचे आणि मोबदला कमी करायचा, ही रीत आपण ओळखतो. इंटर्न हे त्यातले सगळ्यात नवे नाव होऊ नये.

कामाच्या वाटणीतही तीच रीत दिसते. इंजिनिअरिंगच्या मुलाला साइटवर पाठवतात, मुलीला ऑफिसात बसवतात, 'सुरक्षिततेसाठी'. वार्ताहर व्हायला आलेल्या मुलाला सभेला, मुलीला पाककृतीच्या पानाला. पाहुण्यांचा चहा आणि फुले कोण आणते? मग तीच मुलगी नोकरीच्या मुलाखतीला जाते तेव्हा तिला साइटचा अनुभव नाही म्हणून मागे ठेवतात.

सुरक्षिततेवर उपाय कोंडून ठेवणे हा नव्हे. त्यासाठी कायदा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा कायम नोकरांपुरता नाही. शिकाऊ, प्रशिक्षणार्थी, पगारी किंवा बिनपगारी, सगळ्या जणी त्यात येतात. दहा किंवा जास्त माणसे जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घटना घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. कामासाठी जिथे पाठवले ती जागा आणि मालकाने दिलेली गाडीसुद्धा कामाचे ठिकाणच धरतात. तरीही शिकाऊ मुलगी तक्रार करत नाही, कारण तिचे मार्क आणि शिफारसपत्र त्याच माणसाच्या हातात असते. एका विद्यार्थिनीला तिच्या वरिष्ठाने रोज रात्री 'कामासाठी' फोन करायला सुरुवात केली. तिने काम अर्धवट सोडले. कॉलेजने तिला विचारले, 'तास का भरले नाहीत?' कुणी विचारले नाही, की तिकडे काय झाले. म्हणून मी म्हणते, मुलीला पाठवणाऱ्या कॉलेजची जबाबदारी फाटकाशी संपत नाही.

आता आपल्याकडे येते. स्त्री-संघटनांकडे दरवर्षी शिकाऊ मुली येतात. मोर्चाचे फलक, सर्वेक्षणाचे फॉर्म, अहवालाचे टंकन, आता समाजमाध्यमांवरच्या पोस्ट, यात त्यांचे हात असतात. आपले म्हणणे असते, आमच्याकडेच पैसे नाहीत, आमच्या कार्यकर्त्याही तुटपुंज्या मानधनावर आहेत. हे खरे आहे. पण घरकामाच्या श्रमाची किंमत मागणाऱ्या आपणच जर बिनमोल श्रमावर उभ्या राहिलो, तर मोलकरणींच्या मेळाव्यात बोलायला तोंड कुठे राहील? म्हणून मी काही गोष्टी सुचवते. त्यावर चर्चा व्हावी.

एक: दहा मुली घेऊन एकीलाही न देण्यापेक्षा तीन घ्याव्यात आणि तिघींना द्यावे. निदान बसभाडे आणि दुपारचे जेवण यात तडजोड नको. प्रकल्पाचे अंदाजपत्रक करतानाच विद्यावेतनाची ओळ घालायची, जशी छपाईची घालतो.

दोन: पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्यायचे. काम काय, तास किती, शिकवणार कोण, काय शिकून बाहेर पडणार. आठवड्यातून एकदा त्या ताईने तिच्याबरोबर तासभर बसायचेच.

तीन: आपली समिती आहे का, सदस्य कोण, हे भिंतीवर लावायचे. लहान संघटना असेल तर स्थानिक समितीचा पत्ता लावायचा.

चार: तिने केलेल्या सर्वेक्षणावर अहवाल निघाला, तर तिचे नाव त्यात छापायचे.

पाच: कॉलेजांशी बोलायचे. दुकानात, मेसमध्ये, शिकवणी घेऊन कमावणाऱ्या मुलीच्या तासांची सोय संध्याकाळी आणि रविवारी व्हावी. ती आधीच करत असलेल्या नोकरीतून विषयाला धरून काही शिकते आहे, असे दाखवता आले तर तेच तास धरावेत, अशी मागणी विद्यापीठाकडे करता येईल.

आणि कॉलेजच्या मुलींनो, तुम्हाला एवढेच सांगते. कुठेही जाण्याआधी विचारा: पैसे किती, कधी मिळणार, वेळ कोणती, रात्री उशीर झाला तर परत पोचवणार कोण, तक्रार कुणाकडे करायची. हे विचारणे उद्धटपणाचे नाही. ज्याला हे प्रश्न ऐकून राग येतो त्याच्याकडे जाऊ नका. आणि गेलात तर नुसत्या प्रमाणपत्रासाठी जाऊ नका. कोर्टात, वस्तीत, कारखान्यात, शेतावर बायका कशा राबतात ते बघा, रोज रात्री वहीत लिहून ठेवा. नोकरीच्या बाजारात त्याचा उपयोग होईल न होईल, पण उद्या तुमच्या स्वतःच्या श्रमाचा हिशोब मागायची वेळ येईल, तेव्हा तो मागायचा कसा हे तुम्हाला माहीत असेल.

पुढच्या तिमाही बैठकीला येताना प्रत्येक संघटनेने आपल्याकडच्या शिकाऊ मुलींना काय देतो, याचा एक कागद लिहून आणावा, अशी माझी विनंती आहे. तो कागद रिकामा असला तरी आणा. भरायला तिथूनच सुरुवात करू.

एवढे बोलून थांबते.